तुम्ही विचारलंत म्हणून: बी.एड.च्या वर्गात फ्रान्स कशाला?

सहकारी विचारतात, विद्यार्थी विचारतात, परवा नणंदेनेही विचारलं: "टीईटीला येतो का गं तो कोंदोर्से?" नाही येत त्या शिक्षक पात्रता परीक्षेला. कोंदोर्से म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला विचारवंत. एकदाचं सांगून टाकते.

पूर्वी मी हा तास भारावून घ्यायचे. 20 एप्रिल 1792, पॅरिसची विधानसभा. कोंदोर्से अहवाल वाचतोय: शिक्षण सगळ्यांना मोफत, शिकवणाऱ्यावर ना चर्चचा अंकुश ना सत्तेची मर्जी. त्याच दिवशी ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं गेलं, वाचन अर्धवट राहिलं, उरलेलं दुसऱ्या दिवशी. इथे मी चष्मा काढून गप्प उभी राहायचे. नाटकीपणा होता, कबूल.

एका वर्षी मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. त्याची बहीण तेव्हा सहा हजार मानधनावर शिक्षणसेवक होती. "मॅडम, पण त्या मास्तरांना पगार मिळाला का?" वर्ग हसला. मी म्हटलं, "प्रश्न विचारांचा आहे, पगाराचा नाही." तो बसला. वर्षभर तासाला आला, पण माझ्या तासाला त्याने परत वही उघडली नाही.

खरं तर मला उत्तर माहीत नव्हतं. त्या रात्री पुस्तकं काढली. जानेवारी 1795 मध्ये पॅरिसला शिक्षक घडवण्यासाठी मोठी शाळा निघाली. गावोगावचे सुमारे 1,400 जण आले. शिकवायला लाग्रांज, लाप्लास, माँज असे बडे गणितज्ञ! बहुतेकांच्या डोक्यावरून गेलं. कागदी नोटांची किंमत रोज घसरत होती, भत्ता पुरेना. मे महिन्यात शाळा बंद. ऑक्टोबरमधल्या कायद्याने प्राथमिक शिक्षकाचा सरकारी पगारच काढून टाकला. राहायला जागा आणि पोरांची फी, बस. तिकडे प्रशियात राजा फ्रेडरिकने 1779 मध्ये जायबंदी सैनिकांनाच मास्तर करायचा हुकूम काढला होता.

म्हणजे पोराचाच प्रश्न बरोबर होता. मग मी चुकले का? पगारच सगळं असेल तर कोंदोर्से हवाच कशाला? शिवाय शिक्षकांचा वेगळा संघ होऊ नये, असंही त्याचं मत होतं, आणि मी आमच्या संघटनेची आजीव सभासद. ते मी वर्गात पटकन उरकते.

आता तास पगारापासून सुरू करते. पोरं वह्या उघडतात. घंटा होते तोवर कोंदोर्सेपर्यंत पोचतच नाही, आणि स्टाफरूममध्ये येऊन मला तेही खटकत राहतं.