सेक्शन नसलेलं पुस्तक मी विकत घेत नाही

मी आर्किटेक्ट. हल्ली गिऱ्हाईक मोबाईल पुढे करतं आणि म्हणतं, "मॅडम, एलिव्हेशन असं पाहिजे." एलिव्हेशन म्हणजे घराचं बाहेरून दिसणारं रूप. फोटो पोर्तुगालचा नाहीतर मेक्सिकोचा. पांढरीशुभ्र भिंत, सपाट छत, छज्जा औषधालाही नाही. आणि प्लॉट कुठे, तर सातारा जिल्ह्यात, धो धो पावसाच्या मेढ्याच्या पुढे! एका पावसाळ्यात ती भिंत शेवाळून हिरवीगार होणार.

जगभरातल्या आधुनिक घरांची गुळगुळीत पुस्तकं माझ्याकडेही आहेत, चाळायला झकास. पण त्यांत बारा महिने ऊन असतं आणि छतावरचं पाणी जातं कुठे ते काही दिसत नाही. म्हणून मी पुस्तक उघडलं की आधी सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं चित्र, शोधते. इमारत उभी कापून दाखवली की लपवाछपवी संपते. जिन्यात डोकं आपटेल का, उजेड कुठवर पोचेल, सगळं कळतं.

या बाबतीत बॅनिस्टर फ्लेचरच्या पुस्तकाला तोड नाही. 1896 साली बापलेकांनी मिळून काढलेला जागतिक वास्तुकलेचा इतिहास. दोघांचं नावही एकच. त्यातलं वास्तुशैलींचं ते प्रसिद्ध झाडाचं चित्र बघून मात्र डोकं फिरतं. खोडात ग्रीक, रोमन. भारत, चीन, जपान बाजूच्या फांद्यांवर, आणि त्या फांद्या पुढे वाढतच नाहीत. आगाऊपणाच. पण रेघेची चित्रं अशी, की त्यावरून काम काढता येईल.

माझं सगळ्यात लाडकं पुस्तक इजिप्तचे आर्किटेक्ट हसन फतहींचं, 'आर्किटेक्चर फॉर द पुअर'. दुसऱ्या महायुद्धात इजिप्तमध्ये लाकूड आणि लोखंड मिळेना, तेव्हा हा माणूस दक्षिणेकडच्या न्युबियातल्या गवंड्यांकडे गेला. ते मातीच्या विटांचं कमानदार छत सेंट्रिंगशिवाय, म्हणजे खालून फळ्यांचा आधार न देता, बांधायचे. आमच्या गवंडीमामांना मी ते चित्र दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी बोटाने एकेक थर मोजला. "ताई, पयला थर मागच्या भिंतीला टेकवलाय. सरळ न्हाय, कलता. दुसरा त्याच्यावर रेलतोय, मग खाली टेकू कशाला? पण वीट हलकी पायजे, आन् चिकाटलीबी पायजे." अगदी बरोबर. त्या विटांत भुसा जास्त घालतात आणि गारा (जोडणीचा चिखल) धरून राहावा म्हणून ओल्या विटेवर बोटांनी खाचा ओढतात. मामांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. पुढे फतहींनी लक्झॉरजवळ नवं गुर्ना गाव बांधलं, तिथे लोक राहायलाच येईनात, तेही त्यांनी सविस्तर लिहिलंय. अपयश इतकं मोकळेपणाने सांगणारा आर्किटेक्ट विरळाच.

बर्नार्ड रुडॉफ्स्की या आर्किटेक्ट-लेखकाचं 1964 चं 'आर्किटेक्चर विदाउट आर्किटेक्ट्स' फार गाजलं. सिंधमधल्या हैदराबादच्या छपरांवरचे वारा पकडणारे झरोके त्यात पाहून मी थक्क झाले होते. पण जवळजवळ सगळे फोटोच. वारा खाली खोलीत उतरतो कसा, ते आपणच ताडायचं.

आपल्या साताऱ्याजवळच्या लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीचंही तेच झालंय. 1719 ते 1724 या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधलेली. ड्रोनमधून टिपलेला तिचा शिवलिंगासारखा आकार सगळ्यांना पाठ आहे. पण खरी गंमत उभ्या छेदात आहे: पुढे अष्टकोनी विहीर, मागे धाकटी विहीर, दोन्हींच्या मधे महाल आणि वर मोटांच्या जागा. खाली पाणी, मधे माणसं, वर बैल. हे एका कागदावर मोजमापांसह पाहायला मिळालं तर मी फ्लेचरच्या शेजारी ठेवेन.

तूर्त फ्लेचरचीच एखादी जुनी आवृत्ती शोधतेय. कव्हर नसलं तरी चालेल, मधली चित्रांची पानं फाडलेली नकोत.