कागदावरचा ढणढणाट

रॉक बँडची गोष्ट मांगात, म्हणजे जपानी धाटणीच्या चित्रकथेत, सांगायची म्हणजे पहिली अडचण कागदाचीच. तो मुका. तरी जर्मनीतल्या ओफेनबाखला 1983 साली जन्मलेल्या क्रिस्टिना प्लाका यांनी 'योनेन बझ' या मालिकेत एका तरुण बँडची कहाणी थेट जर्मनमध्ये रंगवली.

आवाजासाठी जर्मनकडे एक झकास सोय आहे. 'ड्र्योनेन' म्हणजे घुमणं, दणाणणं. त्याची शेपटी छाटली की उरतं 'ड्र्योन'. हे अँपच्या, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरच्या, तोंडाशी जाड अक्षरांत लिहिलं की काम झालं. डोनाल्ड डकच्या गोष्टी जर्मनमध्ये आणणाऱ्या एरिका फुक्स यांनी अशी छाटलेली क्रियापदं इतकी रुळवली, की त्या रूपाला गमतीनं 'एरिकाटिव्ह' म्हणतात. आपण दणदण, खणखण असं दोनदा म्हणतो. जर्मन माणूस अर्ध्यावर तोडतो. इलेक्ट्रिक गिटारला तोडणंच जास्त शोभतं.

संवादांचं मात्र अवघड. जपानी मजकूर उभा चालतो, म्हणून मांगातले संवादाचे फुगेही उभट. त्यात ड्रम वाजवणाऱ्या मुलीसाठीचा 'श्लागत्सॉइगरिन' हा शब्द बसवून दाखवा! रोमन लिपीत चौदा अक्षरं. 'श्लाग'नंतर जोडरेघ देऊन मोडला तर ठीक, भलतीकडे मोडला तर वाचणारा ठेचकाळतो. म्हणून आधी संवाद लिहावा, मग त्याभोवती फुगा काढावा. शिवाय सगळी अक्षरं कॅपिटल असली की उमलाउटचे, म्हणजे Ä, Ö, Ü यांच्या डोक्यावरचे, दोन ठिपके वरच्या ओळीला जाऊन भिडतात. वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीत अडकलेला पाहिलेल्या मराठी वाचकाला हे दुखणं वेगळं सांगायला नको. उपायही तोच, ओळींत अंतर वाढवायचं.

खरी फजिती गिटारची. उजव्या हातानं वाजवणारा आपल्यासमोर उभा असेल, तर गिटारची मान आपल्या उजवीकडे जाते आणि सर्वांत जाड तार वर येते. चित्रकार आरशात पाहून काढतो आणि अख्खा बँड डावखुरा होतो. पूर्वी उजवीकडून सुरू होणारा जपानी मांगा डावीकडून वाचता यावा म्हणून पानं आरशातल्यासारखी उलटी छापत, तेव्हाही हेच व्हायचं. 1997 मध्ये कार्लसेन या जर्मन प्रकाशनानं 'ड्रॅगन बॉल' हा जपानी मांगा मूळ दिशेनंच छापला आणि पात्रांचे हात जागेवर राहिले.

मानेवरचे फ्रेट्स, म्हणजे आडव्या बारीक पट्ट्या, धडाकडे येताना जवळजवळ येत जातात. बारावा फ्रेट, तारा जिथं टेकतात त्या वरच्या नटपासून खालच्या ब्रिजपर्यंतच्या अंतराच्या बरोबर मध्यावर पडतो. तो चुकला की वाजवणाऱ्यांना लगेच कळतं, बाकीच्यांना नुसतंच काहीतरी खटकतं. सहाही तारा फक्त जवळच्या चित्रात काढाव्यात. लांबच्या चित्रात तीन पुरतात, नाहीतर पान लहान करून छापताना शाई मिसळून काळा पट्टा होतो.

करड्या छटेचे टोन-ठिपकेही शेवटच्या छपाईच्या आकारातच लावावेत. आधी लावून मग पान लहान केलं, तर गायकाच्या साध्या शर्टावर कुणीही न काढलेली चौकडी उमटते.