काळी चार

करंट जाऊन तासभर झाला, वडगावात पाऊस लागून राहिलाय, मोबाईलच्या उजेडात लिहितोय. काल काकांनी वायर काढली. एवढंच झालं. हरिपाठाआधी माझा तानपुऱ्याचा डबा लावला, सूर लागला आणि त्याच्यासोबत स्पीकरातून घूंऽऽऽ. काका उठले, मिक्सरची पिन उपसली, वायर गुंडाळून माझ्या हातात दिली आणि पेटीवर जाऊन बसले. एक शब्द नाही. रागावले असते तरी चाललं असतं. तीन महिने रात्री जागून ईएसपी 32 या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या चिपवर तो तानपुरा वाजता केला, आणि हातात काय आलं तर गुंडाळलेली वायर. अण्णा असते तर बोलले असते. जाऊ दे.

चूक माझीच. पंधरा मीटर साधी वायर, एक सिग्नल, एक ग्राउंड. अडाप्टर एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या, मग लाईटची घरघर ग्राउंडमधून सुरात शिरणारच. आता डॅकच्या, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागाच्या, डाव्या चॅनेलवर सूर आणि उजव्यावर तोच सूर उलटा, कोडमध्ये फक्त एक वजाचं चिन्ह, आणि ते दोन्ही एक्सएलआरच्या (माईकच्या तीन पिनांच्या जोडणीच्या) 2 आणि 3 नंबर पिनेला, 1 ला ग्राउंड. मिक्सर दोघांची वजाबाकी करतो, सूर दुप्पट होतो आणि वाटेत दोन्ही तारांत सारखी शिरलेली घरघर कटते. पण सारखी शिरली तरच! म्हणजे दोन्ही तारांचा रोध सारखा पाहिजे, खरा बॅलन्स तिथेच आहे, हे मला आज कळलं. दोन्ही तारांत एकेक घालायला संध्याकाळी 100 ओहमचे रेझिस्टर एकेक करून मीटरला लावले, 99.6 चे दोन सापडले, कागदात बांधून ठेवलेत.

"काय करूलास रे अंधारात?" आई. काही नाही म्हटलं.

पण काका बोलले का नाहीत?

काका काळी चारला गातात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी त्यांचा सा. मघाशी सहज हिशेब केला, त्यांचा खालचा सा 103.8 हर्ट्झ. लाईट 50 ची, घरघरीत तिची दुप्पट 100 पण असते. म्हणजे काकांच्या सा ला लागूनच माझा डबा एक उतरलेला सा धरून बसला होता, आणि त्यांना तासभर गायचं होतं. त्यांच्या जागी मीही आधी पिनच उपसली असती, बोलायला थांबलो नसतो.

वायर समोरच आहे. एकसारखी वेटोळी, वरून सुतळीची गाठ. नवी केबल सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळं ग्राउंड अशी आणावी लागेल. ही गाठ काही सोडणार नाही.