बीपी मशीनचा पट्टा आणि आकड्यांची गंमत

घरातलं डिजिटल बीपी मशीन वरचा-खालचा आकडा थेट मोजतच नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पट्ट्यातली हवा सुटत असताना नाडीच्या प्रत्येक ठोक्याला आतलं प्रेशर किंचित हलतं, सेन्सर ती हालचाल टिपतो, ती जिथे सगळ्यात मोठी तिथे साधारण सरासरी प्रेशर असतं आणि वरचा-खालचा आकडा मशीन त्यावरून आपल्या हिशोबाने काढतं, हा हिशोब प्रत्येक कंपनीचा वेगळा. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून जे आवाज ऐकतात (१९०५ मध्ये रशियन डॉक्टर कोरोत्कोव्हने सांगितलेले) तो प्रकारच निराळा. म्हणून दोन मशीनमध्ये चार-पाचचा फरक आला तर लगेच घाबरू नका.

खरा घोळ पट्ट्याचा. आमच्या काकांचा दंड चांगला जाडजूड, त्यावर मशीनसोबत आलेला पट्टा कसाबसा ओढून लावायचे, मग आकडा जास्तच येणार ना! आतल्या हवेच्या पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के तरी हवी. टेप घेऊन दंड मोजा, पट्ट्यावर सेंटीमीटर छापलेले असतात.

हात मांडीवर लोंबत ठेवला तरी आकडा चढतो, हृदयापेक्षा दर १० सेंटीमीटर खाली गेलं की साधारण ७-८ ने. हाताखाली उशी घ्या, पाठ टेका, पाच मिनिटं गप्प बसा. आणि हो, शर्टाच्या बाहीवरून पट्टा नको. ठोके अनियमित असतील तर मात्र एका रीडिंगवर जाऊ नका, मिनिटभर थांबून परत घ्या, दोन-तीनची सरासरी डॉक्टरांना दाखवा.