कर्ली खाडी, पंचावन्न पाउंडाची मोटर आणि गळ्यात मारलेली लिथियम बॅटरी

देवबागहून कर्ली खाडीत रबरी बोट घालून नेरूरपारच्या पुलाकडे जायचं, गळ टाकायचे आणि परत यायचं, एवढाच बेत होता. पहिला दिवस मजेत गेला, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. दुसऱ्या दिवशीच्या परतीच्या वाटेबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे, कारण ट्रोलिंग मोटर (छोटी बोट ढकलणारी विजेची मोटर) आणि लिथियम बॅटरी घेऊन खाडीत उतरणारे आता बरेच दिसतात आणि आम्हाला जे विकलं गेलं तेच त्यांनाही विकलं जात असणार. तुम्हाला वल्हवता येतं, लाइफ जॅकेट आहे आणि भरती-ओहोटी कळते, हे धरून चालतो.

बोट दहा फुटी, मोटर 12 व्होल्टची, 55 पाउंड जोराची. बॅटरी 100 अँपियर-अवर, लिथियम आयर्न फॉस्फेट. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, लेड बॅटरीचा दगड उचलायचे दिवस गेले. दिवसभर फुल स्पीडला चालवा." पहिलं वाक्य खरं आहे. अकरा-बारा किलोचं धूड एका हातात उचलून जेटीवर नेताना फार बरं वाटतं. दुसरं वाक्य थाप आहे. ही मोटर फुल स्पीडला 50 अँपियर खाते, म्हणजे 100 अँपियर-अवर दोन तासांत खलास. हा हिशोब कोणीही बोटांवर करावा आणि मगच दुकानात जावं.

आता परतीचा तो पट्टा. दशमी होती. तिथीची पाऊणपट ही पूर्ण भरतीची वेळ, म्हणजे साडेसातला भरती, दीड-पावणेदोनला ओहोटी संपणार. पण गळाला तांबोशी मासे लागत होते, मित्र उठायला तयार नव्हता, आणि निघालो तेव्हा पाणी फिरलं होतं. समोरून भरतीचं पाणी, त्यावर दुपारचा पश्चिमेचा खारा वारा. भांगाचं, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीचं, पाणी म्हणून निभावलं, उधाणाला हा उद्योग अजिबात नको. मोटर फुल केली, चार-पाच मिनिटं बोट बरी सरकली आणि मोटर खटकन बंद. कुरकुर नाही, वेग कमी होणं नाही, थेट बंद. नॉब शून्यावर आणला, थोडं थांबलो, पुन्हा चालू. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा बंद. दर वेळी बोट मागे आणि कडेला वाहत जायची. कडेला कांदळवन, त्याच्या मुळांवर ब्लेडसारखी कालवं. रबरी बोटीला ती एकदा लागली की कार्यक्रम आटोपला.

कारण नंतर घरी बॅटरी उघडून घेतल्यावर कळलं. आतल्या बीएमएसची, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या आणि जास्त करंट खेचला की ती बंद करणाऱ्या सर्किटची, मर्यादा सतत 50 अँपियर, तीही बहुधा सावलीत बसून मोजलेली. मोटरवर 50 लिहिलेलं असतं ते 12 व्होल्टला. लिथियम बॅटरी लोडखालीही 13 च्या आसपास राहते, त्यामुळे मोटर थोडं जास्तच खेचते. वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला तर आमची 53 दाखवते. काळा डबा, डोक्यावर ऊन, आत तापलेलं सर्किट. बंद पडणारच होतं. माझं मत स्पष्ट आहे: 55 पाउंडाच्या मोटरला 100 अँपियरपेक्षा कमी बीएमएसची बॅटरी घेऊच नका, कितीही स्वस्त मिळो. डब्यावर मोठ्या अक्षरात 100 लिहिलेलं असतं ती साठवण. बीएमएसचा आकडा वेगळा विचारायचा आणि बिलावर लिहून घ्यायचा. लिहून देत नसेल तर दुकान बदला.

खाडीतून जाणाऱ्या एका होडीवाल्या काकांनी आमचा तमाशा पाहिला आणि ओरडून सांगितलं, "ओहोटीची वाट बघशात तर रात होतली. काठाक धरून चला, मधी पाण्याक जोर आसा." आख्ख्या सहलीत फुकट मिळालेली आणि खरी निघालेली माहिती एवढीच. काठाने, कालवांपासून दोन हात राखून, निम्म्या नॉबवर निघालो. निम्म्यावर मोटर 18-20 अँपियरच घेते आणि वेग वाटतो तेवढा पडत नाही. वेग दुप्पट करायला शक्ती साधारण आठपट लागते, त्यामुळे फुल स्पीड म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

तरी जेटी दिसायला लागल्यावर बॅटरी संपलीच. आणि संपायच्या जेमतेम दहा मिनिटं आधी मोटरवरचे चारही हिरवे दिवे लागलेले होते! हे दिवे लेड-ॲसिडच्या हिशोबाने बसवलेले असतात. लेडची बॅटरी 12.7 ला पूर्ण भरलेली, तर आपली 13.0 दाखवत असते तेव्हा निम्म्याहून जास्त रिकामी झालेली असते. शेवटपर्यंत व्होल्टेज सपाट, मग कड्यावरून खाली. त्या दिव्यांवर काळी टेप लावा. शंट मीटर (गेलेला करंट मोजून उरलेला चार्ज दाखवणारा) बसवा किंवा ब्लूटूथवर चार्ज दाखवणारा बीएमएस असलेली बॅटरी घ्या. पैसे कमी असतील तर मोठ्या बॅटरीचा नाद सोडा आणि आधी हे करा.

सकाळी बॅटरी भरलेलीच नव्हती, ती वेगळी कथा. दुकानातून मिळालेला चार्जर मुळात गाड्यांच्या लेड बॅटरीचा, 10 अँपियरचा. रिकामी बॅटरी त्यावर भरायला दहा तास लागतात, आणि रात्री मधेच लाईट गेली. शिवाय त्याला 'रिपेअर' नावाचं बटण आहे, ते पंधराच्या वर व्होल्टेज मारतं. लिथियमवर ते बटण दाबायचं नाही. लिथियम फॉस्फेटचाच चार्जर हवा: 14.4 ते 14.6 व्होल्टपर्यंत भरून थांबणारा, 20 अँपियरचा. पाच तासांत काम होतं. बीएमएसने बॅटरी पूर्ण बंद केली असेल तर साध्या चार्जरला ती दिसतच नाही. झोपलेली बॅटरी उठवणारा चार्जर आहे का, हे घेतानाच विचारा. बोटीतून काढलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. साधारण 45 अंशांच्या वर बऱ्याच बॅटऱ्या चार्ज घेतच नाहीत, आणि तुम्ही रात्रभर चार्जरला शिव्या घालत बसता.

राहण्याच्या ठिकाणी बिलात 'लिथियम चार्जिंग' म्हणून 400 रुपये लावले होते. ही बॅटरी पूर्ण भरायला नुकसान धरून दीड युनिट वीज लागते. युनिटला 15 रुपये धरले तरी तेवीस रुपये. पन्नास घ्या, शंभर घ्या, पण चारशे? वाद घातला, तीनशेवर आले, मी दिले, कारण हात वल्हवून भरून आले होते. तुम्ही खोली ठरवतानाच चार्जिंगचं बोलून घ्या आणि कुठल्या प्लगवर लावणार ते बघून घ्या. आमचा प्लग पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी लोंबत होता.

बाकीचं थोडक्यात. बॅटरी आणि मोटरच्या मधे 60 अँपियरचा ब्रेकर हवाच, वायर 16 चौरस मिलिमीटरची, वायरीच्या टोकाचे लग कथिल चढवलेले. खारं पाणी उघडं तांबं हां हां म्हणता हिरवं करतं. जुन्या इलेक्ट्रिक स्कूटरचे सेल जोडून "लिथियम ते लिथियम" म्हणून कोणी पॅक देत असेल तर हात लावू नका. तिथे रसायन वेगळं, व्होल्टेज वेगळं आणि तापल्यावर पेट घ्यायची भीती जास्त. वल्ही बोटीत असलीच पाहिजेत, शोभेची नकोत. पावसाळ्यात बॅटरी ठेवताना निम्मी भरून, वायरी सोडवून, कोरड्या जागी ठेवा आणि गणपतीत एकदा व्होल्टेज बघा.