कालवा पायाखाली, कोरड घशाला

पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल म्हटलं की डोळ्यांपुढे येतात बर्फाचे डोंगर आणि निळी तळी. मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणाऱ्या या सुमारे 4,265 किलोमीटरच्या पायवाटेचा दक्षिण कॅलिफोर्नियातला एक तुकडा मात्र मोहावी वाळवंटातून, चक्क पाण्याच्या पाइपवरून जातो. आम्ही दोघं मुद्दाम तोच चालायला गेलो. हायकरटाउन ते कॉटनवुड क्रीकचा पूल, 27-28 किलोमीटर. चढ जवळपास नाही, सावलीही नाही.

मे महिना असल्यामुळे पहाटे साडेतीनलाच निघालो. प्रत्येकाच्या सॅकमध्ये पाच लिटर पाणी, म्हणजे पाठीवर सरळ पाच किलो. पुलाजवळ एक नळ आहे, पण त्याचा भरवसा नाही.

"तुझं एक लिटर दे इकडे," नवरा म्हणाला.

"राहू दे रे."

नवऱ्याचं मन दुखावलं असेल, पण दोघांचा वेग सारखा नसतो. तो पुढे गेला की माझं पाणीही त्याच्याबरोबर पुढे जाणार. वाळवंटात ज्याचं पाणी त्याच्याच पाठीवर हवं, मग लग्नाला कितीही वर्षं झालेली असोत.

उजाडेपर्यंत आम्ही लॉस एंजेलिस कालव्याच्या पोलादी पाइपवरून चालत होतो. पुढे काँक्रीटचं झाकण लागतं, त्यावर काठी टेकली की आवाज बदलतो. खालून ओवेन्स खोऱ्यातलं पाणी शहराकडे चाललेलं. विल्यम मुलहोलंड या इंजिनिअरने 1913 मध्ये पूर्ण केलेला हा कालवा सुमारे 375 किलोमीटर लांब आहे आणि त्यात एकही पंप नाही, सगळं पाणी उतारावर वाहत येतं. इंजिनिअरिंगला दाद द्यावीच लागते. पण त्यापायी 1926 पर्यंत ओवेन्स सरोवर आटलं आणि तिथले शेतकरी देशोधडीला लागले, हेही त्या झाकणावरून चालताना डोक्यातून जात नाही. आपल्याकडे म्हणतात, धरण उशाला आणि कोरड घशाला. इथे उशाऐवजी पायाखाली, एवढाच फरक. झाकणातून थेंबभर पाणी मिळत नाही.

दहानंतर बोलणं बंद झालं. भांडण नव्हतं, तोंड उघडलं की घसा सुकायचा. तो शंभरेक पावलं पुढे, मी मागे. मध्येच तो काठी वर करायचा, मीही करायचे. तेवढीच विचारपूस.

साडेअकराला एका जोशुआच्या झाडाखाली थांबलो. झाड कसलं, केसाळ खोडावर सुऱ्यांचे झुबके! सावली दीड माणसाची. एकाचं डोकं आत घेतलं की दुसऱ्याचे पाय उन्हात. दर वीस मिनिटांनी सावली सरकायची आणि तिच्यामागे आम्ही बूड न उचलता सरकायचो. बेसनाचे लाडू डब्यात वितळून एकच लाडू झाला होता. तो चमच्याने खाल्ला.

चारनंतर पुन्हा चाल. समोर तेहाचापीच्या डोंगरांवर पवनचक्क्यांची रांग दिसायला लागली आणि त्या तिथे का उभारल्यात हेही लगेच कळलं. उन्हासाठी आणलेली चंदेरी छत्री दोनदा उलटी झाली, तेव्हा गुंडाळून सॅकला बांधली.

पुलापाशी पोचलो तेव्हा अंधारत होतं. नळ कोरडा. मी तंबूच्या आत बसून कोपरे दाबून धरले, त्याने बाहेरून दगड रचले. मग बाटल्या शेजारी शेजारी ठेवून हिशेब केला. माझ्याकडे सव्वा लिटर, त्याच्याकडे जेमतेम पाऊण. सकाळी मित्र गाडी घेऊन येईपर्यंत तेवढ्यावरच काढायचं होतं. खिचडी रद्द.

"चिवडा?" त्याने विचारलं.

"त्यात मीठ आहे," मी म्हटलं आणि पुडा फोडला.