गॅदरिंग दुपारीच हवं

सोमवार, रात्री

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गॅदरिंग घ्यायचं ठरलं. कॉलेजला सभागृह नाही, म्हणून बैठक स्टाफरूममध्येच झाली. अध्यक्ष प्राचार्य, सांस्कृतिकच्या मॅडम, मराठीचे सर आणि आम्ही वर्गप्रतिनिधी. तृतीय वर्षाच्या मुलांनी आल्या आल्या मागणी केली: कार्यक्रम संध्याकाळी सातला सुरू करू, धुळ्याहून डीजे आणि लाइट आणू, वर्गणी काढू.

मी विरोध केला, आणि केला याचा मला आनंद आहे. संध्याकाळी सात म्हणजे अर्धं कॉलेज घरी. अनेर नदीकाठच्या गावांतून, सातपुड्याच्या पायथ्यापासून मुली एसटीनं येतात. विद्यार्थी पासाला भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो, म्हणून घरचे कॉलेजला पाठवतात. खासगी गाडीनं परत यायचं म्हटलं की पहिल्या दिवशीच शिक्षण बंद. पाचच्या सुमाराला गाडी लागली की आमच्या वर्गातल्या बाकांच्या दोन पूर्ण रांगा रिकाम्या होतात. त्या मुलींनी वर्गणी द्यायची आणि नाच कुणी बघायचा?

दुसरं कारण बैठकीत नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. गॅदरिंग दुपारी असलं की आया येतात. मागच्या वर्षी माझ्या बाजूला एक माउली सुती लुगड्यात बसली होती. पोरगी समूहगीतात तिसऱ्या ओळीत होती, आवाजही वेगळा ऐकू येत नव्हता, तरी माउलीनं पूर्ण गाणं उभं राहून ऐकलं. पोरगी कॉलेजला जाते म्हणजे नेमकं काय करते, हे त्या बाईनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हापासून हे येणं वाढलंय. रात्रीच्या कार्यक्रमाला यातली एकही येणार नाही.

प्राचार्यांनी वेळ अकरा ते चार ठेवली. डीजेचं "नंतर बघू" म्हणाले. मुलं नाराज आहेत. त्यांच्याशी मला भांडायचं नाही, त्यांना नाचायचंय आणि त्यात वाईट काही नाही.

बुधवार

आज प्रहसनाची तालीम. विद्यापीठाच्या 'युवारंग' या युवक महोत्सवात उतरता यावं म्हणून तिथल्याच बेतानं बसवतोय: सहा कलाकार, दहा मिनिटं, त्यापुढे एक वाक्यसुद्धा नाही. सर म्हणतात, दहा मिनिटांत गोष्ट सांगायला शिकलात तर पुढे कुठेही बोलू शकाल.

विषय मुलांनीच निवडला, कापसाची खेडा खरेदी. व्यापारी दारात येतो, काटा लावतो, भाव पाडतो. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. तो मिळतो खरेदी केंद्रावर, आणि ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला तर केंद्र माल परत पाठवतं. ज्याला दिवाळीपूर्वी पैसे हवे असतात त्याच्या घरी कापूस वाळवायला ना जागा असते ना दिवस. एवढं सगळं दहा मिनिटांत बसवायचं, आणि लोक हसलेही पाहिजेत.

संवाद आम्ही आधी प्रमाण मराठीत लिहिले होते. वाचायला बरे होते, उभं राहून म्हटले की लाकडासारखे व्हायचे. आज व्यापाऱ्याचं काम करणाऱ्यानं वही बाजूला ठेवली, मूठभर कापूस उचलून गालाला लावला आणि म्हणाला, "माल ओला शे." शेतकऱ्याची मुलगी झालेल्या आमच्या मैत्रिणीनं क्षणाचाही विचार न करता उलट टाकलं, "तीन दिनपासून ऊनमा पडेल शे, ओला कसा ऱ्हाई?" खिडकीत उभे असलेले विज्ञान शाखेचे पोरगे टाळ्या वाजवायला लागले. पुढचं सगळं अहिराणीतच झालं. वेळ मोजली तर आधीपेक्षा कमी लागला.

तो मुलगा इतकं खरं कसं करतो हे मला नंतर कळलं. त्याच्या वडिलांनी दिवाळीआधी असाच दारात माल दिला होता आणि तो काट्याजवळ उभा होता. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही, फक्त करून दाखवलं. एखाद्या मोठ्या शहराच्या कॉलेजात ऑडिशन घेऊन कलाकार निवडतात असं ऐकते. आमच्याकडे सहा जण लागतात आणि सहाच जण तयार असतात. पण त्या सहांना माहीत असतं की आपण काय बोलतोय.

सरांनी एक गोष्ट सांगितली. १९९० मध्ये जळगावला आपलं विद्यापीठ झालं, त्याआधी धुळे-जळगावची कॉलेजं पुणे विद्यापीठात होती. आता खान्देशातलीच कॉलेजं एकमेकांसमोर उभी राहतात, समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना अहिराणी समजावून द्यावी लागत नाही. आज तालमीत मला त्याचा अर्थ कळला.

शनिवार

भरीत पार्टी. एका मित्राच्या शेतात, वर्गातले बहुतेक सगळे. हिरवी लांब वांगी, पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ, मिरच्या-लसूण भाजलेला, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मुसळानं कुटलेलं भरीत, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या भाकरी तिघींनी घरून बांधून आणल्या. जेवण झालं, मुलांनी भांडी घासली, हे विशेष. गाणी झाली. चारला निघालो.

एवढंच. पण आमच्या कॉलेजात करमणूक काय आहे असं कुणी विचारलं तर मी पहिलं नाव याचं घेईन.

मंगळवार

शेलापागोट्यांची पेटी आज उघडली. लोक फिशपाँडच म्हणतात. चिठ्ठ्या निवडायला मॅडमनी मला आणि एका मित्राला बसवलं. रंगावरून, जातीवरून, अंगावरून लिहिलेल्या चिठ्ठ्या आम्ही सरळ फाडल्या. मित्र म्हणाला, एवढ्या काढल्या तर मजा काय उरेल? मग राहिलेल्या मोठ्यानं वाचल्या. लायब्ररीत रोज तेच पुस्तक उलटं धरून बसणाऱ्यावर एक होती, एनएसएसच्या शिबिरात खोरं हातात घेऊन फक्त फोटो काढणाऱ्यावर एक. आम्ही दोघं हसून बेजार झालो. स्टेजवरून नाव घेतलं की त्या मुलीला किंवा मुलाला उठून उभं राहावं लागतं, सगळ्यांच्या देखत. चारशे-पाचशे डोळे. जे वाचून तिला घरी जाऊन रडावं लागेल ते वाचायचंच नाही, यावर मी अडून बसेन.

गुरुवार, रात्री

आज वसतिगृहात गेले होते. तिथल्या मुलींनी गेल्या भादव्यात भुलाबाई बसवली होती, पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी टिपऱ्या, गाणी, आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. डबा हलवून, वास घेऊन, वाट्टेल ती नावं. गावाकडच्या मुलींची ही हौस. सातपुड्यातल्या पावरा या आदिवासी जमातीच्या मुलींना ती नवी होती, तरी आठ दिवसांत त्यांना सगळी गाणी पाठ झाली. उलट बाजूनं मात्र आम्ही त्यांचं काही शिकलो नाही. म्हणून आज विचारायला गेले: गॅदरिंगला तुमचा नाच कराल का?

त्यांच्यातली एक, द्वितीय वर्षाची, बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, कुठला नाच? होळीला वेष घेऊन बावा, बुध्या होतात ते नवसाचं असतं, पाळणूक म्हणजे व्रत असतं. तो वेष कार्यक्रमासाठी चढवणार नाही. मी म्हटलं, नकोच. मग ती मोकळी झाली. भोंगऱ्या बाजाराचं सांगायला लागली: होळीच्या आधीच्या आठवड्यातला बाजार, गावोगावचे मोठे ढोल, पावरी या फुंकवाद्याचा सूर, चांदीचे दागिने घातलेल्या बाया. त्या बाजारात जसं नाचतात तसं नाचू म्हणाली. गावातली दोन माणसं मांदल, म्हणजे ढोल, घेऊन येतील, भाऊ मोटारसायकलवर आणेल. पैसे नकोत, पण जेवण आणि परत जायची सोय पाहिजे.

मग तिनं स्टेज किती मोठं विचारलं. मी माप सांगितलं. ती म्हणाली, त्यावर होणार नाही. आमचा नाच एका रांगेत लोकांकडे तोंड करून होत नाही, मांदल मधे असतो आणि सगळे भोवती फिरतात, येणारा येतो आणि हात धरतो.

मी ते ऐकून गप्पच बसले. गेली कित्येक गॅदरिंगं आम्ही आदिवासी नृत्य म्हणून जे केलं त्यात पानांचे घागरे होते आणि रेकॉर्डवरचं गाणं होतं. ते बघणाऱ्यांत याच मुली बसलेल्या असायच्या.

नव्या शैक्षणिक धोरणात सांस्कृतिक उपक्रमांनाही श्रेयांक आहेत, तेव्हा हजेरीसाठी नाचणारे पुष्कळ मिळतील. मला त्यांची अडचण नाही, येऊ देत. रिंगणात आलं की हात धरावाच लागतो.

उद्या प्राचार्यांना मैदानाचा नकाशा काढून दाखवायचाय. स्टेज एका बाजूला प्रहसनासाठी, आणि नाच खाली मातीवर, खुर्च्या गोल. नाच दोन वाजता, आया असताना, मुलींच्या गाडीच्या आधी. आधी पाणी मारून घ्यावं लागेल, नाहीतर धूळ उडेल. मंडपवाल्याला वेळेत सांगितलं नाही तर तो खुर्च्या दरवर्षीसारख्या रांगेतच लावून जाईल, म्हणून बैठकीआधी त्यालाच फोन करते.